हे उपकरण कोणाचं ऐकतं?

एका छोट्या संस्थेचं नेटवर्क मी सांभाळते. राउटर, काही स्विच, एक सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रिंटर, यूपीएस आणि लोकांचे लॅपटॉप, एवढाच पसारा. यातलं एकही उपकरण मला लांबून चालवावं लागत नाही. सेटिंग बदलायची झाली तर उठून त्याच्यापाशी जाता येतं. तरीही यातलं जवळजवळ प्रत्येक उपकरण लांबून सेटिंग बदलून घ्यायची सोय घेऊनच खोक्यातून बाहेर आलं होतं आणि बहुतेकांत ती सोय चालू होती. ती शोधून बंद करायचं काम मी हाती घेतलं. ते कसं केलं, कुठे अडलं आणि कुठे पूर्ण जमलं नाही, ते इथे लिहिते आहे. अशा कामाला लागणारी माहिती फार विखुरलेली असते, एका जागी सापडत नाही.

आधी थोडं मागचं. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रॅमने, जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची पद्धत साधी होती. इंटरनेटवर टेलनेट (लांबून आज्ञा देण्याची जुनी सोय) उघडं असलेली उपकरणं शोधायची आणि कंपनीकडून ठरून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायच्या. याच उपकरणांची फौज २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर सोडली गेली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळत राहिल्या. त्यानंतर सगळीकडे एकच सल्ला ऐकू आला: पासवर्ड बदला. सल्ला बरोबर आहे. पण त्या कॅमेऱ्यात टेलनेट मुळात कोणासाठी ठेवलं होतं, हे विचारणारे थोडे होते. कॅमेऱ्याच्या मालकाने ते कधी वापरलं नव्हतं. काही मॉडेलांत तर वेबपानावरून पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आतल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) कायमचा बसवलेला असे, तो मालकाला बदलताच येत नसे.

पासवर्ड बदलून भागत नाही हे दाखवणारी घटना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घडली. इंटरनेट सेवादात्यांना ग्राहकांच्या घरचे राउटर आपल्या कार्यालयातून जुळवता यावेत म्हणून टीआर-०६९ नावाचा प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम) २००४ पासून अस्तित्वात आहे. त्यासाठी राउटरचा ७५४७ हा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा, उघडा असतो. त्या पोर्टाने खरं तर एकच काम करायचं: सेवादात्याचा सर्व्हर 'मला फोन कर' म्हणाला की राउटरने उलट त्या सर्व्हरशी जोडणी करायची. पण काही राउटरांत त्याच पोर्टावर आणखी एक प्रोटोकॉल उत्तर देत होता. टीआर-०६४ हा प्रोटोकॉल फक्त घरातल्या नेटवर्कवरून राउटर जुळवण्यासाठी आहे, बाहेर तो दिसायलाच नको. त्यात घड्याळाची वेळ कुठल्या सर्व्हरकडून घ्यायची हे सांगायची एक जागा होती. तिथे सर्व्हरच्या नावाऐवजी आज्ञा लिहिली की राउटर ती चालवायचा. पासवर्ड कोणी विचारतच नव्हतं. मिराईच्या नव्या आवृत्तीने हाच पोर्ट धरला. जर्मनीत डॉइशे टेलिकोमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट आणि फोन बंद पडले. विशेष म्हणजे त्यांचे राउटर त्या आज्ञेला बळी पडणारे नव्हतेच. त्या पोर्टावर आदळणाऱ्या मागण्यांच्या माऱ्यानेच ते गळपटले. म्हणजे दोष नसलेल्या उपकरणालासुद्धा, केवळ तो पोर्ट जगाला उघडा होता म्हणून किंमत मोजावी लागली.

काम सुरू केलं ते यादीपासून. प्रत्येक उपकरणापुढे लिहिलं की याची सेटिंग कोण बदलतं, कुठे बसून बदलतं आणि मागची कधी बदलली. हे तीन रकाने भरताना बरंच काही उलगडलं. बहुतेक ठिकाणी उत्तर 'मी, इथेच बसून, बसवताना' असं होतं. मग एक चौथा रकाना वाढवला: माझ्याशिवाय आणखी कोणाला बदलता येते? याचं उत्तर माहितीपुस्तिकेत मिळत नाही. ते प्रत्यक्ष नेटवर्कवरच बघावं लागतं.

म्हणून एनमॅप हा उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम घेऊन आतल्या नेटवर्कवरून प्रत्येक उपकरण तपासलं. एनमॅप नुसता चालवला तर तो नेहमीचे हजारेक टीसीपी पोर्टच बघतो. सगळे ६५,५३५ बघायला त्याला तसं सांगावं लागतं. यूडीपी या दुसऱ्या प्रकारचे पोर्ट वेगळे तपासावे लागतात आणि ते काम फार हळू चालतं, म्हणून मी नेमकेच घेतले: एसएनएमपीचा (उपकरणाची स्थिती लांबून वाचण्या-बदलण्याच्या सोयीचा) १६१, सर्व्हरच्या व्यवस्थापनाचा ६२३, यूपीएनपीचा (उपकरणांनी एकमेकांना आपोआप शोधण्याच्या सोयीचा) १९००. त्यानंतर मोबाइलच्या डेटावरून, म्हणजे पूर्णपणे बाहेरून, आमच्याच सार्वजनिक पत्त्यावर तोच तपास केला. पत्ता आपलाच आहे ना याची खात्री करूनच हे करावं. अनेक सेवादाते एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात. तसं असेल तर तुम्ही तपासता ते सेवादात्याचं यंत्र असतं. तिथे काही उघडं दिसलं नाही म्हणून आपला राउटर बंद आहे असं धरून चालत नाही, कारण सेवादात्याच्या आतल्या नेटवर्कवरून तो दिसत असू शकतो. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर तीही वेगळी तपासायला हवी. तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि मधल्या फायरवॉलने अडवलं नाही तर प्रिंटरसुद्धा थेट जगासमोर उभा राहतो.

बाहेरून पाहिल्यावर ७५४७ उत्तर देताना दिसला. राउटरच्या आत शिरून पाहिलं, तर टीआर-०६९ चं पानच नव्हतं. आम्हाला दिलेलं लॉगिन साध्या वापरकर्त्याचं होतं. वरचं लॉगिन सेवादात्याने स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, ते आमच्या बाजूचं आहे. त्याने तुम्हाला काही त्रास होत नाही." मी त्याला विचारलं की तुमच्या बाजूने या राउटरचं काय काय बदलता येतं. त्याने त्याच्या परीने खरं उत्तर दिलं: वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, रीस्टार्ट, फर्मवेअर. प्रोटोकॉलची कागदपत्रं कोणालाही वाचायला मिळतात आणि त्यांतली यादी याहून पुष्कळ लांब आहे. डीएनएस कोणता वापरायचा तेही तिथून ठरतं, म्हणजे एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर आपण कुठे पोहोचणार ते. आत कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत त्यांची यादीही वाचता येते. हे सगळं ज्या सर्व्हरवरून चालतं त्या एका सर्व्हरच्या हातात त्या सेवादात्याचे सगळे ग्राहक असतात. तो सर्व्हर किती सांभाळला जातो हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

उपकरणांची बाजूही काही भक्कम नव्हती. २०१४ च्या डिसेंबरमध्ये चेक पॉइंट या कंपनीने रॉमपेजर नावाच्या छोट्या वेब सर्व्हरमधला दोष जाहीर केला. तो सुमारे १ कोटी २० लाख राउटरांत सापडला आणि पुष्कळ ठिकाणी ७५४७ वर उत्तर देणारा तोच होता. एक मुद्दाम बिघडवलेली कुकी पाठवली की राउटरचा ताबा मिळायचा. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. रॉमपेजर बनवणाऱ्यांनी तो दोष २००५ मध्येच दुरुस्त केला होता. जुनी आवृत्ती घेऊन राउटर बनवणाऱ्यांनी ती दुरुस्ती नऊ वर्षं उचललीच नाही. ज्या सोयीचं समर्थन 'यामुळे आम्हाला तुमच्या राउटरचं फर्मवेअर ताजं ठेवता येतं' असं केलं जातं, ती सोयच जुन्या, दुरुस्त न केलेल्या कोडवर उभी होती.

अखेरीस मी सेवादात्याला ती राउटरची पेटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे माहिती नुसती पुढे पोहोचवण्याच्या अवस्थेत, टाकायला सांगितलं आणि तिच्या आतल्या बाजूला आमचा स्वतःचा राउटर बसवला. यासाठी बरेच फोन करावे लागले. एकदा सेटिंग झाल्यावर पेटी पुन्हा आपोआप जुन्या अवस्थेत गेली. दर ठरावीक वेळाने ती सेवादात्याच्या सर्व्हरला आपली खबर देते, आणि त्या सर्व्हरवरच्या नोंदीत बदल झाला नसेल तर सर्व्हर तिला जुनी सेटिंग परत देतो. नोंद बदलून घेतल्यावर ती टिकली. पेटीत टीआर-०६९ आजही चालू आहे, ते बंद करणं माझ्या हातात नाही. पण आता त्या पेटीला आमच्या आतलं काही दिसत नाही. तिच्यातून जाणारी माहिती तेवढी जाते, आणि ती बहुतेक सगळी कूटबद्ध असते.

सर्व्हरकडे वळले तेव्हा जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वीज आहे तोवर तो जागा असतो. त्याला स्वतःचं फर्मवेअर, स्वतःचा नेटवर्क पत्ता आणि स्वतःचे वापरकर्ते असतात. तिथून सर्व्हर चालू-बंद करता येतो, पडदा बघता येतो, कीबोर्ड चालवता येतो, दुसऱ्याच डिस्कवरून सर्व्हर सुरू करता येतो. वर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कितीही रक्षण करा, बीएमसी हातात आलेल्या माणसाला ते लागू होत नाही. शेकडो सर्व्हर असलेल्या केंद्राला ही सोय हवीच, रात्री दोन वाजता तिथे कोण धावत जाणार? आमचा एकच सर्व्हर आहे आणि तो पुढच्या खोलीत आहे.

बीएमसीशी बोलण्याचा जुना आणि सर्वत्र असलेला प्रोटोकॉल म्हणजे आयपीएमआय. त्याची दुसरी आवृत्ती २००४ ची. तिच्या लॉगिनमध्ये एक दोष आहे, आणि तो कोणा एका कंपनीच्या कोडात नसून प्रोटोकॉलच्या मसुद्यातच आहे. कोणीही अनोळखी यंत्राने अस्तित्वात असलेल्या वापरकर्त्याचं नाव सांगितलं की बीएमसी त्याला त्या वापरकर्त्याच्या पासवर्डापासून बनवलेला हॅश, म्हणजे अंदाज ताडून बघता येईल असं सांकेतिक रूप, पाठवून देतं. समोरच्याने आपली ओळख पटवण्याआधी! तो हॅश घेऊन माणूस आपल्या घरी निवांत अंदाज लावत बसू शकतो. भरीस भर म्हणून पासवर्डाची कमाल लांबी २० अक्षरं. २०१३ मध्ये हे सगळं उजेडात आलं आणि अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेने त्याच वर्षी इशारा दिला. फर्मवेअर ताजं केल्याने हे जात नाही, कारण तसं वागलं नाही तर ते आयपीएमआय राहत नाही. उपाय दोनच: नेटवर्कवरून आयपीएमआय बंद करणं किंवा बीएमसीला सगळ्यांपासून तोडून ठेवणं.

नंतर कंपन्यांनी आपापली वेबपानं दिली, त्यांत वेगळे दोष निघाले. एचपीच्या आयएलओ-४ या बीएमसीमध्ये २०१७ साली सापडलेला दोष असा होता की मागणीच्या एका शीर्षकात इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवलं की लॉगिन न करता आत प्रवेश मिळायचा. ही माहिती मी आमच्या विश्वस्तांना दाखवली. 'पासवर्ड चांगला ठेवलाय ना?' या त्यांच्या प्रश्नावर याहून सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आमच्या सर्व्हरला व्यवस्थापनासाठी वेगळा पोर्ट, म्हणजे इथे केबलची खोबण, आहे. त्याची केबल काढून टाकली की झालं, असं सहज वाटतं. मी केबल काढली आणि पुन्हा तपास चालवला. बीएमसी काही वेळाने मुख्य नेटवर्कच्या पोर्टावर, नवा पत्ता घेऊन हजर झालं. हे बिघाडामुळे घडलेलं नाही. अनेक सर्व्हरांत बीएमसीची नेटवर्क सेटिंग अशीच ठरवून आलेली असते: स्वतःचा पोर्ट रिकामा असेल तर मुख्य पोर्ट वाटून घे. म्हणजे ज्याने काळजीपूर्वक ती केबल कधी लावलीच नाही, त्याचं बीएमसी सर्व लॅपटॉपांच्या शेजारी जाऊन बसलेलं असतं. ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांनी बाकी काही नाही तरी एवढं आजच तपासावं. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ती सेटिंग 'फक्त स्वतंत्र पोर्ट' अशी केली, नेटवर्कवरचं आयपीएमआय बंद केलं, पासवर्ड बदलला, आणि मग केबल काढली. नंतरच्या तपासात ६२३ कुठेच दिसला नाही. कधी लागलंच तर केबल लावून एकाच लॅपटॉपला थेट जोडायची, असं ठरवलं आहे.

लॅपटॉपांतही असाच एक आतला संगणक असतो, हे अनेकांना माहीत नसतं. इंटेलच्या व्हीप्रो वर्गातल्या यंत्रांत एएमटी नावाची सोय आहे. कंपनीतले हजारो संगणक एका जागेवरून दुरुस्त करता यावेत म्हणून ती बनवली. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली चालते, त्यामुळे संगणकावरची फायरवॉल तिला अडवू शकत नाही. १ मे २०१७ रोजी तिच्यातला दोष जाहीर झाला. लॉगिनच्या वेळी ब्राउझर जे उत्तर पाठवतो ते आणि अपेक्षित उत्तर यांची तुलना करताना किती अक्षरं ताडून बघायची, हे समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरत होतं. रिकामं उत्तर पाठवलं की शून्य अक्षरं ताडली जायची आणि शून्य अक्षरं नेहमीच जुळतात. वर्षानुवर्षं विकल्या गेलेल्या यंत्रांत हा दोष होता. मात्र एएमटी सुरूच न केलेल्या यंत्राला नेटवर्कवरून त्याचा धोका नव्हता.

यातला 'सुरू न केलेलं' हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा लागतो. २०१८ च्या जानेवारीत एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने दाखवलं की बायोसला पासवर्ड असला तरी सुरू होताना ठरावीक कळा दाबून एएमटीच्या पडद्यात जाता येतं, आणि तिथला मूळ पासवर्ड 'अॅडमिन' कोणी बदललेलाच नसतो. लॅपटॉप काही क्षण एकटा सापडला तरी पुरे. म्हणून 'आम्ही कधी वापरलं नाही' याला संरक्षण म्हणता येत नाही. मी प्रत्येक लॅपटॉप घेऊन तो पडदा उघडला, पासवर्ड बदलला, एएमटीची सेटिंग पूर्ण पुसली आणि बायोसमधून सोय बंद केली. काही मॉडेलांत 'कायमची बंद' असाही पर्याय असतो, तो असेल तिथे तोच निवडला. मग १६९९२ आणि १६९९३ हे पोर्ट दुसऱ्या यंत्रावरून तपासले. त्याच लॅपटॉपवरून तपासून खात्रीचं उत्तर मिळत नाही, कारण एएमटीसाठी आलेली माहिती ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचण्याआधीच उचलली जाते.

प्रिंटर आणि यूपीएस लवकर आटोपले. प्रिंटरवरची टेलनेट, एफटीपी आणि एसएनएमपी बंद केली, छपाई त्यातल्या कशावरच अवलंबून नव्हती. यूपीएसचं नेटवर्क कार्ड सरळ काढून ठेवलं. स्विचवर टेलनेट आणि वेबपान बंद करून सेटिंग फक्त कन्सोल केबलने, म्हणजे स्विचला थेट जोडून, होईल असं केलं. स्विचच्या बाबतीत मी कडक वागले त्याला सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉलचा इतिहास कारण आहे. नवा स्विच नुसता जोडला की त्याला आपोआप सेटिंग मिळावी, अशी ती सोय. तिच्यात ओळख पटवण्याची व्यवस्थाच नव्हती आणि ती मुळातच चालू येत असे. स्विच एकदा बसला की तिचं काम संपायचं, पण ४७८६ पोर्ट वर्षानुवर्षं उघडा राहायचा. एप्रिल २०१८ मध्ये रशिया आणि इराणमधल्या स्विचांची सेटिंग पुसून तिथे अमेरिकेच्या झेंड्याचं अक्षरचित्र आणि निवडणुकांबाबतचा इशारा लिहिला गेला. कामाला एकदाच लागणारी सोय काम झाल्यावर स्वतःहून मिटायला हवी. हे तत्त्व बनवणाऱ्यांना कळत नाही असं मला वाटत नाही. बंद करणं हे ग्राहकाच्या गळ्यात टाकलं की त्यांचा एक खर्च वाचतो.

कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरने मात्र माझी तपासणीची पद्धतच बदलायला लावली. त्याचा बाहेरून एकही पोर्ट उघडा दिसत नव्हता. राउटरवरचं यूपीएनपी मी आधीच बंद केलं होतं, म्हणजे रेकॉर्डर राउटरला सांगून स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकत नव्हता. तरीही एका सहकाऱ्याने बाहेरगावाहून मोबाइलवर कॅमेरा पाहून दाखवला. रेकॉर्डर स्वतःच बाहेर, बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या तिच्या सर्व्हरशी, जोडणी करून बसत होता आणि त्या जोडणीवरून उलट दिशेने आज्ञा घेत होता. फायरवॉलच्या दृष्टीने ही आतून बाहेर गेलेली जोडणी आहे, ती अडवायचं कारणच नाही. शिओंगमाई या कंपनीच्या अशाच क्लाउड सोयीबद्दल २०१८ मध्ये एसईसी कन्सल्ट या संस्थेने लिहिलं होतं. उपकरणाचा ओळख क्रमांक त्याच्या मॅक पत्त्यावरून (कारखान्यात मिळालेल्या नेटवर्क क्रमांकावरून) बनवलेला असल्यामुळे ओळीने क्रमांक लावून पाहता येत होते. प्रशासकाचा पासवर्ड मुळात रिकामा होता, आणि कुठेही न लिहिलेला आणखी एक वापरकर्ता आत होता. अशी सुमारे ९० लाख उपकरणं होती.

तेव्हापासून मी पोर्टांपाशी थांबत नाही. स्विचवर त्या उपकरणाच्या खोबणीतून जाणाऱ्या माहितीची प्रत एका मोकळ्या यंत्राकडे वळवते आणि उपकरण रिकामं बसलेलं असताना ते कोणाशी बोलतं ते नोंदवून ठेवते. जोडणी कोणी सुरू केली याला फार अर्थ नाही, आज्ञा कुठल्या दिशेने वाहते ते बघायचं. घड्याळाची वेळ विचारणं ठीक. नवं फर्मवेअर आलंय का हे विचारून, कंपनीची डिजिटल सही तपासून, मालकाच्या होकाराने ते आणणंही ठीक, किंबहुना ते हवंच. यासाठी कोणाला आत येऊन सेटिंग बदलू द्यायची गरज नसते. 'रिमोट बंद केलं तर अपडेट मिळणार नाहीत' हे वाक्य मी विक्रेत्यांकडून फार ऐकलं, आणि दर वेळी त्यांना ही फोड करून सांगितली. अपडेट आणणं आणि हुकूम घेणं ही दोन कामं एकाच दारातून करायचं बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, ती तांत्रिक सक्ती नसते.

रेकॉर्डरच्या मेनूत क्लाउडचं बटण होतं. ते बंद केलं. त्याच्या जोडण्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. शेवटी राउटरवर नियम लिहून त्याला बाहेरचा रस्ताच बंद केला आणि कॅमेरे-रेकॉर्डर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कच्या भागात, ठेवले. ज्या सहकाऱ्यांना बाहेरून कॅमेरा बघण्याची खरी गरज आहे ते आता आमच्या व्हीपीएनने, म्हणजे लॉगिन करून मिळणाऱ्या कूटबद्ध वाटेने, आत येऊन बघतात. सुरुवातीला त्यांची कुरकुर झाली. ती रास्त होती, कारण एक पायरी वाढली. मी ती वाढवली आणि त्यावर ठाम राहिले.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बंद केलेलं बंद राहतं असं नाही. फर्मवेअर ताजं केल्यावर प्रिंटरवरची एक सेवा परत चालू झाली. फॅक्टरी रिसेट केलं की सगळंच मूळपदावर येतं. म्हणून आतून आणि बाहेरून, दोन्ही तपास आता ठरावीक काळाने आपोआप चालतात आणि मागच्या निकालाशी फरक पडला तर मला संदेश येतो. मोठ्या संस्थांतही हे लवकर साधलेलं नाही. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने जून २०२३ मध्ये आपल्या सरकारी खात्यांना आदेश काढला की इंटरनेटवरून दिसणारी व्यवस्थापनाची पानं कळवल्यापासून १४ दिवसांत हटवा किंवा सुरक्षित करा. राउटर, स्विच, बीएमसी, सगळी त्या यादीत होती. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उपकरण मुळातच सुरक्षित सेटिंगसह विकलं जावं आणि हल्ल्याला वाव देणाऱ्या जागा कमीत कमी असाव्यात, हे त्यात बनवणाऱ्यावर बंधनकारक आहे. ओझं योग्य माणसाच्या खांद्यावर सरकतं आहे, याचं मला समाधान वाटतं.

तोवर खरेदीच्या वेळी काय विचारायचं ते आम्ही लिहून ठेवलं आहे. लांबून सेटिंग बदलायच्या सोयी कोणत्या आहेत, त्या सर्व बंद करून उपकरण पूर्ण चालतं का, बंद केल्यावर अपडेटनंतर बंदच राहतात का, आणि वरचं लॉगिन कोणाकडे राहतं. उत्तर लेखी मागायचं. जुना रेकॉर्डर बदलायची वेळ आली तेव्हा हे प्रश्न काही विक्रेत्यांना पाठवले. एकाने 'ही सोय आमच्या उत्पादनाचं वैशिष्ट्य आहे' असं कळवलं, दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याने माहितीपत्रक न पाठवता तपासायला यंत्रच पाठवलं. सगळं बंद करून ते वेगळ्या स्विचवर रात्रभर ठेवलं आणि नोंद वाचली: वेळ विचारणाऱ्या मागण्या, बाकी काही नाही. टीसीपी आणि यूडीपीचा पूर्ण तपास केला, त्यात फक्त आतल्या वेबपानाचा पोर्ट निघाला. तो रेकॉर्डर घेतला.